डेबियनची पॅकेजं सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, नांदेड, लातूर, बीड, छत्रपती संभाजीनगर इथल्या पोरापोरींनी आणि दोन-चार शिक्षकांनी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा विचारलेले हे प्रश्न. डेबियन ही लिनक्सवरची मुक्त संगणक प्रणाली. तिच्यातलं सॉफ्टवेअर पॅकेजांत बांधून येतं, आणि ती पॅकेजं बांधणारा-सांभाळणारा तो मेंटेनर. काही चहाच्या टपरीवर आले, बरेचसे रात्री अकरानंतर फोनवर, बिल्ड (कोडपासून पॅकेज बनवणं) फसल्यावर. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवले आहेत. कमांड आणि व्हर्जन नंबर इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना मात्र रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे.

१. मेंटेनर म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाराच ना?

बहुतेक वेळा नाही. लिहिणाऱ्याला आमच्यात 'अपस्ट्रीम' म्हणतात. तो कोड सोडतो आणि पुढच्या कामाला लागतो. तो कोड बाकीच्या हजारो पॅकेजांशेजारी नीट बसतो का, अपग्रेड करताना कुणाचं मशीन मोडणार तर नाही, परवाना स्वच्छ आहे का, हे बघतो तो मेंटेनर. बग आला तर उत्तरही त्यानंच द्यायचं. शेतकरी माल पिकवतो, पण मोंढ्यात विकायच्या आधी तो कुणीतरी चाळतं, तोलतं, पोत्याला चिठ्ठी लावतं. आपलं काम चाळणीचं आणि चिठ्ठीचं.

डेबियन इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलं. त्याला मालक कंपनी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ म्हणजे 'ट्रिक्सी'मध्ये सुमारे ७० हजार पॅकेजं आहेत. ती अशाच, बहुतेक बिनपगारी माणसांनी धरून ठेवली आहेत.

२. मला सी येत नाही, पायथॉन थोडंफार येतं. जमंल का?

जमेल. शेल, मेकफाइल आणि गिट आले पाहिजेत, आणि दुसऱ्याचा कोड न कंटाळता वाचता आला पाहिजे. इंग्रजी बोलावं लागत नाही, पण बग रिपोर्ट वाचून चार ओळींचं उत्तर लिहिता यावं.

सुरुवात फॉन्टच्या पॅकेजापासून करा, असं मी सगळ्यांना सांगतो. 'फॉन्ट्स-लोहित-देवा'चा सोर्स उतरवून नुसता उघडून बघा. कंपाइल करण्याची कटकट कमी असते, आणि 'ऱ्या' फुटतोय का, मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' येतोय का, हे तुम्हाला एका नजरेत कळतं. ते बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला कळणार नाही.

३. मी उबुंटू वापरतो. मग डेबियनचं कामून शिकू?

डेबियनच्या तीन शाखा: ताजा माल अनस्टेबलमध्ये, तिथून पारखून टेस्टिंगमध्ये, आणि त्यातून पुढे स्टेबल. उबुंटूतली बहुतेक पॅकेजं डेबियनच्या अनस्टेबल शाखेतूनच येतात. नंबरमध्ये '-३उबुंटू१' दिसलं की समजायचं, डेबियनच्या -३ वर त्यांनी काही बदल केलाय. '-०उबुंटू१' दिसलं तर ते पॅकेज डेबियनच्या आधी त्यांच्याकडे आलंय. पुढे डेबियनचं -१ आलं की ते आपोआप मोठं ठरावं, म्हणून तिथे शून्य ठेवतात.

४. चार जीबीचा जुना लॅपटॉप, नेट मोबाइलचं, वर लाइटीचा भरवसा नाही. होईल का?

लहान पॅकेजांना होईल. ब्राउझर किंवा लिबरऑफिसच्या नादाला मात्र लागू नका.

लॅपटॉपवर स्टेबल ठेवा आणि बिल्ड 'एसबिल्ड'ने करा. एसबिल्ड अनस्टेबलची एक छोटी, रिकामी खोली तयार करतं आणि तुम्ही जाहीर केलेल्या गोष्टीच तिच्यात आणतं. थेट आपल्या मशीनवर बिल्ड करणं ही नव्या माणसाची सगळ्यात नेहमीची चूक. तुमच्याकडे आधीच शंभर लायब्ररी पडलेल्या असतात, त्यामुळे यादीत एखादी लिहायची राहिली तरी बिल्ड होऊन जातं आणि डेबियनच्या बिल्ड सर्व्हरवर जाऊन आपटतं.

दर बिल्डला तीच पॅकेजं परत उतरतात आणि दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. त्यावर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवा, एकदा आलेली फाइल ते जपून ठेवतं. लाइटीवर माझ्याकडे उपाय नाही. माझं एक बिल्ड मे महिन्यात दुपारच्या वेळी तीनदा अर्ध्यावर गेलं. चौथ्यांदा पहाटे चारला उठून केलं.

५. 'डेबियन' नावाच्या फोल्डरमध्ये एवढ्या फायली कशाच्या?

कामाच्या पाच-सहाच. 'कंट्रोल'मध्ये पॅकेजचं नाव, वर्णन आणि ते कशावर अवलंबून आहे. 'रूल्स'मध्ये बिल्ड कसं करायचं, हल्ली बहुतेकांची ही फाइल चार ओळींत संपते. 'कॉपीराइट'मध्ये कुठली फाइल कुणाची आणि कोणत्या परवान्याखाली. ही फाइल लिहायला सगळ्यात कंटाळवाणी, आणि पॅकेज परत येतं तेही बहुधा हिच्याचमुळे. 'पॅचेस'मध्ये तुम्ही अपस्ट्रीमच्या कोडवर केलेले बदल, एकेक वेगळा. 'वॉच'मध्ये नवी आवृत्ती कुठे बघायची याचा पत्ता. आणि 'चेंजलॉग'. व्हर्जन नंबर लिहायची जागा हीच, बाकी सगळी साधनं तिथूनच वाचतात. म्हणून पुढचे बहुतेक प्रश्न चेंजलॉगच्या पहिल्या ओळीचे आहेत.

६. २:९.०.१३७८-२ हा नंबर वाचायचा तरी कसा?

हा डेबियन १२ 'बुकवर्म'मधल्या विम एडिटरचा. तीन तुकडे करा.

विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या आधीचा २ म्हणजे इपॉक. नसेल तर शून्य धरायचा (इपॉकची भानगड प्रश्न १२ मध्ये). मधला ९.०.१३७८ हा अपस्ट्रीमचा नंबर, त्याला आपण हात लावत नाही. शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा २ हा डेबियन रिव्हिजन: त्याच कोडवर डेबियनचं हे दुसरं पॅकेजिंग. अपस्ट्रीमची नवी आवृत्ती आली की तो परत १ होतो.

रिव्हिजन नसलेलं पॅकेजही भेटेल. ते 'नेटिव्ह', म्हणजे डेबियनसाठीच लिहिलेलं. आपल्या जुगाड स्क्रिप्टचं पॅकेज करताना पोरं नेटिव्ह निवडतात, कारण सोपं जातं. ती स्क्रिप्ट उद्या डेबियनबाहेर कुणी वापरणार असेल तर तसं करू नका.

७. १.१० मोठं का १.९? आणि ही ~ खूण कशाला?

१.१० मोठं. संगणक नंबर डावीकडून वाचतो आणि त्याचे आलटून-पालटून तुकडे पाडतो, एक आकड्यांचा, एक बिनआकड्यांचा. आकड्यांचा तुकडा पूर्ण संख्या म्हणून तोलला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीन घ्या. एमएयूएस ७१ आणि एमएयूएस ६१२ यांत पुढचा वाण ६१२, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अक्षर-अक्षर लावून बघितलं असतं तर सात सहापेक्षा मोठा म्हणून ७१ वर गेलं असतं. डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारं डेबियनचं साधन, इथे शेतकऱ्यासारखं मोजतं.

बिनआकड्यांच्या तुकड्यात अक्षरं आधी, चिन्हं नंतर. अपवाद ~ चा. ती सगळ्यांच्या आधी लागते, अगदी 'पुढे काहीच नाही' याच्याही आधी. म्हणून १.०~आरसी१ (आरसी म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची) हे १.० पेक्षा लहान. अपस्ट्रीमने १.०आरसी१ असं बिनखुणेचं नाव दिलं आणि तुम्ही ते तसंच चढवलं, तर खरं १.० आल्यावर ते लहान ठरेल आणि कुणाच्याही मशीनवर जाणार नाही. चढवण्याआधी खूण घाला.

शंका आली की डोक्याने ठरवू नका. 'डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स'ला दोन नंबर द्या आणि त्यालाच विचारा. हे सवयीचं झालं की या पानावरचे अर्धे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

८. चेंजलॉगमधली मागची नोंद चुकली. खोडून नीट लिहू का?

अपलोड व्हायचं बाकी असेल तर खुशाल. तोवर शाखेच्या जागी 'अनरिलीज्ड' असतं, आणि ती नोंद तुमच्याच वहीतली असते.

एकदा आर्काइव्हमध्ये, म्हणजे डेबियनच्या सार्वजनिक कोठारात, गेली की सातबाऱ्यासारखं वागायचं: चूक झाली तर नवा फेरफार घ्यायचा, जुनी नोंद खरवडायची नाही. '-३ मध्ये अमुक चुकीचं लिहिलं होतं' असं -४ मध्ये लिहा. शुद्धलेखनाची चूक सुधारायला कुणी अडवत नाही, पण त्याची गरजही कुणाला नसते.

नोंद हाताने लिहू नका, 'डीसीएच' हे साधन वापरा. शेवटच्या ओळीत ई-मेल आणि तारीख यांच्यामध्ये दोन स्पेस लागतात. एकच पडली म्हणून अर्धा दिवस घालवलेली माणसं मला माहीत आहेत. त्यातला एक मी.

९. स्पॉन्सरने पॅकेज चार वेळा परत पाठवलं. आता -५ लिहू का?

नाही, -१ च. स्पॉन्सर म्हणजे तुमचं पॅकेज तपासून तुमच्या वतीने चढवणारा डेबियन डेव्हलपर. त्याच्यासोबतच्या फेऱ्या हा घरातला हिशेब. आर्काइव्हने स्वीकारलेला नंबरच 'वापरला गेला' असं धरतात, आणि तो पुन्हा दुसऱ्या मजकुरासाठी वापरता येत नाही. आर्काइव्हमध्ये नवी पॅकेजं तपासून घेणाऱ्या एफटीपी टीमने रिजेक्ट केलं तरी तोच नंबर चालतो. स्पॉन्सर कुठून आणायचा, ते प्रश्न २० मध्ये.

१०. अपस्ट्रीम नंबरच देत नाही, नुसतं गिटवर ढकलतंय. मी काय लिहू?

तुम्हीच तारीख घाला, पण तिच्याआधी ०~ लावा: ०~गिट२०२४०११५-१. उद्या त्यांना जाग आली आणि त्यांनी ०.१ काढलं, तर ते यापेक्षा मोठंच असेल. तारीख उघडी लिहिली, नुसती २०२४०११५, तर पुढचं १.० तिच्यापुढे दोन कोटींसमोर एक रुपया. मग इपॉकशिवाय सुटका नाही.

१.२ निघालंय आणि त्यानंतरचा कोड हवाय, तर १.२+गिट२०२४०११५. ते १.२ पेक्षा मोठं आणि १.२.१ पेक्षा लहान.

११. नवी आवृत्ती चढवली आणि ती घाण निघाली. आता मागं कसं यायचं?

नंबर मागे येत नाही. व्हर्जनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा, बाकीचे सगळे नियम तिच्यातूनच निघालेत. लोकांच्या मशीनवर ५.६ गेलं असेल तर तुम्ही ५.४ चढवून उपयोग नाही. पॅकेजं उतरवून बसवणारं ॲप्ट म्हणेल, माझ्याकडे याहून नवं आहे. शिवाय आर्काइव्हच ते घेणार नाही.

म्हणून कोड जुना आणि नंबर पुढचा, अशी तडजोड करतात. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण एक्सझेड. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार घातलेलं आहे. त्यांना संशय आला तो एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये शिरायचं साधन) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून. दार घालणारा परका नव्हता, दोन-अडीच वर्षं कामं करून अपस्ट्रीमचा विश्वास कमावलेला सहमेंटेनर होता. डेबियन स्टेबलला धक्का लागला नाही, पण टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये ते पोचलं होतं. डेबियनने ५.४.५ चा कोड परत आणला आणि त्याला नंबर दिला ५.६.१+रिअली५.४.५-१.

तो मोठ्याने वाचून बघा: '५.६.१ म्हणा, पण खरं ५.४.५'. ५.६.१ च्या पुढे अधिक चिन्ह आल्याने तो बिघडलेल्यापेक्षा मोठा, आणि पुढे येणाऱ्या ५.६.२ पेक्षा लहान. दिसायला ओंगळ आहे खरा. पण पुढची चांगली आवृत्ती आली की तो आपोआप गळून पडतो, आणि इपॉकपेक्षा हेच बरं, असं माझं ठाम मत आहे.

१२. मग इपॉक आहे कशाला? ते लावलं की मिटलं की!

मिटत नाही, कायमचं चिकटतं. एकदा १: लागला की ते पॅकेज जिवंत असेपर्यंत तो काढता येत नाही, कारण काढला की नंबर लहान होतो. त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक पॅकेजला '(>= १:२.०)' असं लिहावं लागतं आणि कुणीतरी १: विसरतंच. 'मोठं किंवा बरोबर २.०' ही अट मग कुठलीही जुनी आवृत्ती पुरी करते, आणि ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. डेब फाइलच्या नावात इपॉक लिहिलाच जात नाही, तो गोंधळ वेगळा.

खरी गरज एकाच जागी: अपस्ट्रीमने नंबर देण्याची पद्धतच बदलली. काल २०१९०३०१ देत होते, आजपासून १.०. तेव्हाही डेबियनमधल्या जुन्या माणसांना आधी विचारायचा रिवाज आहे. तुमची चूक झाकण्यासाठी इपॉक नाही, त्यासाठी प्रश्न ११.

१३. नंबरात '+डीएफएसजी' कशाचं?

अपस्ट्रीमच्या टारबॉलमधून (सोर्सच्या गाठोड्यातून) मुक्त नसलेलं काहीतरी काढलंय, असा त्याचा अर्थ. कुठं परवाना नसलेला फॉन्ट असतो, कुठं सोर्स नसलेली बायनरी. डीएफएसजी हे डेबियनचे मुक्त सॉफ्टवेअरचे निकष, १९९७ पासूनचे. काढलेली गोष्ट मुक्तच होती पण नको होती, तर '+डीएस'. नेमकं काय काढलं, ते 'कॉपीराइट' फाइलमध्ये लिहा.

१४. पाच दिवस झाले, टेस्टिंगमध्ये जाईना. काय अडलंय?

पाच दिवस ही 'मीडियम' निकडीची मुदत आहे. 'लो'ला दहा, 'हाय'ला दोन. पण मुदत ही एकच अट नाही. आधी ज्या ज्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) होत होतं तिथे बिल्ड झालेलं हवं, नवा गंभीर बग नको, स्वयंचलित चाचण्या नापास नकोत, आणि तुम्ही ज्यांच्यावर अवलंबून आहात ती पॅकेजंही टेस्टिंगमध्ये असायला किंवा सोबत जाता यायला हवीत. पॅकेजच्या ट्रॅकर पानावर कारण लिहिलेलं असतं. ते वाचायच्या आधीच मला फोन येतो.

एक खाचखळगा मात्र पहिल्या अपलोडला हमखास लागतो. नवं पॅकेज 'न्यू' रांगेतून जातं आणि तिथे बायनरीसकट चढवावं लागतं. टेस्टिंगमध्ये मात्र डेबियनच्या सर्व्हरवर बनलेल्याच बायनरी जातात. म्हणून रांगेतून बाहेर पडल्यावर -२ चा नुसता सोर्स परत चढवायचा. न्यूमध्ये काही आठवडे वाट बघितलेल्या माणसाला हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

१५. स्टेबलमधलं एवढं जुनं आहे, तिथंच नवी आवृत्ती का टाकत नाहीत?

कारण 'स्टेबल'चा अर्थ 'बदलत नाही' असा आहे, 'पडत नाही' असा नाही. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या कार्यालयातला संगणक दोन वर्षं कुणी बघत नाही. त्याला नवी सोय नको असते, फक्त भोक बुजवलेलं हवं असतं. म्हणून स्टेबलमध्ये जुन्याच कोडवर तेवढाच दुरुस्तीचा पॅच लावतात: १.२-३+डेब१२यू१, म्हणजे डेबियन १२ साठी पहिली दुरुस्ती.

ज्याला नवंच हवं त्याला बॅकपोर्ट: १.४-१~बीपीओ१२+१. तिथली ~ बघा. पुढच्या स्टेबलमध्ये खरं १.४-१ असेल आणि ते यापेक्षा मोठं ठरेल, म्हणून अपग्रेड सुरळीत होतं (प्रश्न ७).

१६. माझ्या पॅकेजवर भलत्याच माणसानं अपलोड केलं! असं कसं चालतं?

चालतं. रिव्हिजन -३.१ झाली असेल तर तो 'एनएमयू', म्हणजे मेंटेनर नसलेल्याने केलेली दुरुस्ती. गंभीर बग पडून होता आणि तुमचं उत्तर नव्हतं, असं बहुधा असतं. सभ्य माणूस ती थेट न टाकता काही दिवस थांबणाऱ्या रांगेत टाकतो, तेवढ्यात तुम्ही हरकत घेऊ शकता. रागावू नका. त्याची नोंद आपल्या चेंजलॉगमध्ये घ्या आणि पुढे -४ काढा. सामुदायिक विहीर आहे, गाळ कुणीही काढावा.

शेवटी +बी१ दिसलं तर सोर्सला कुणी हात लावलेला नाही. लायब्ररी बदलली म्हणून फक्त परत बिल्ड केलंय.

१७. लायब्ररीच्या नावातच आकडा असतो, तो कोण ठरवतं?

अपस्ट्रीम. तो 'एसओनेम'मधून, म्हणजे लायब्ररीच्या आतच नोंदलेल्या नावातून, येतो. जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालणार नसतील तर अपस्ट्रीम तो आकडा वाढवतं आणि आपण पॅकेजचं नाव बदलतो. मग तिच्यावर उभी असलेली सगळी पॅकेजं परत बिल्ड होतात, त्याला 'ट्रान्झिशन' म्हणतात. रिलीज टीमला सांगितल्याशिवाय ती सुरू करायची नाही.

'लिबएसएसएल३टी६४'मधला टी६४ मात्र डेबियनचा आहे. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते, म्हणून २०२४ मध्ये वेळेचा प्रकार ६४ बिटांचा केला आणि शेकडो लायब्ररींची नावं एका दमात बदलली. आकडा तोच, आतली मांडणी वेगळी, म्हणून शेपूट जोडलं.

१८. अपस्ट्रीमचा कोड खटकला तर मीच सुधारू का?

सुधारा, पण पॅच आधी अपस्ट्रीमला दाखवा. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये (गुप्त चाव्या बनवणाऱ्या लायब्ररीत) एक 'साफसफाई' झाली. मेमरी तपासणारं साधन इशारा देत होतं, म्हणून काही ओळी काढल्या गेल्या. त्याच ओळी यादृच्छिकता भरत होत्या. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार चाव्या. हे उघड झालं १३ मे २००८ ला. त्या काळात डेबियनवर आणि त्यावरून निघालेल्या सिस्टिमवर बनलेल्या चाव्या फेकून द्याव्या लागल्या. अपस्ट्रीमला विचारलं गेलं होतं, पण प्रश्न अर्धवट होता आणि उत्तरही. म्हणून नुसतं 'ही ओळ काढू का?' विचारू नका. पूर्ण पॅच पाठवा.

१९. आमच्या कॉलेजच्या लॅबसाठी एका पॅकेजात थोडा बदल केलाय. नंबर कसा देऊ?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण उत्तर तुमच्या जिल्ह्यावर अवलंबून आहे.

स्टेबलमध्ये १.२-३ आहे. तुम्ही बदल केला आणि १.२-३+ पुढे गावाचं नाव लावलं. ते १.२-३ पेक्षा मोठं, त्यामुळे लॅबभर बसलं. सहा महिन्यांनी सुरक्षा दुरुस्ती आली, १.२-३+डेब१२यू१. आता तुलना तुमच्या गावाच्या नावाची आणि 'डेब'ची, तीही रोमन अक्षरांत. बीड असेल तर बी हे डीच्या आधी, दुरुस्ती मोठी ठरते आणि बसते. लातूर, नांदेड, परभणी, जालना, हिंगोली ही सगळी डीच्या नंतर. तुमचं पॅकेज मोठं ठरतं आणि दुरुस्ती लॅबमध्ये कधीच येत नाही, एररही दिसत नाही. धाराशिववाल्यांनी 'आमचाही डीच' म्हणून खूश होऊ नये, दुसरं अक्षर एच आहे आणि डेबचं ई.

बीडला बदली मागायची गरज नाही. अधिक चिन्हानंतर शून्य घाला: १.२-३+०लातूर१. हे मूळ पॅकेजपेक्षा मोठं आणि डेबियनच्या दुरुस्तीपेक्षा लहान. दुरुस्ती आली की ती बसेल आणि तुमचा बदल जाईल. तो परत लावायचा असेल तर १.२-३+डेब१२यू१+लातूर१ करा, ते यू२ पेक्षा लहानच असतं. 'ॲप्ट-मार्क होल्ड' लावून पॅकेज गोठवू नका. गोठवलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

२०. स्पॉन्सर कुठून आणू? आणि चावीवर सही करायला इकडं कोण आहे?

आधी पॅकेज करण्याचा इरादा जाहीर करा (आयटीपी नावाचा बग), म्हणजे दोघं तेच काम करत बसणार नाहीत. मग पॅकेज 'मेंटॉर्स' या साइटवर ठेवून स्पॉन्सर मागा. पायथॉन, फॉन्ट, रुबी अशा भाषावार किंवा विषयवार टीममध्ये शिरलात तर लवकर मिळतो. एकट्याने अनोळखी पॅकेज घेऊन उभं राहिलात तर वाट बघावी लागते. पाठवण्याआधी पॅकेजातल्या चुका शोधणारं 'लिंटियन' चालवा. त्याने सांगितलेली चूक स्पॉन्सरने सांगावी ही लाजिरवाणी गोष्ट.

काही काळ नीट काम केलं की डेबियन मेंटेनर होता येतं, आणि ठरावीक पॅकेजं स्वतः चढवता येतात. त्यासाठी किमान एका डेबियन डेव्हलपरची तुमच्या चावीवर (तुमची ओळख पटवणाऱ्या जीपीजी चावीवर) सही आणि कुणाची तरी शिफारस लागते. सहीसाठी बहुधा प्रवास करावा लागतो. २०२३ च्या सप्टेंबरात डेबकॉन्फ कोचीला झाली, तेव्हा भारतातल्या बऱ्याच जणांचं ते काम एका ठिकाणी झालं. एरवी पुणे, मुंबई, हैदराबादला जाण्याचं निमित्त निघालं की आधी चौकशी करा. ओळखपत्र आणि चावीचा ठसा कागदावर छापून न्या, फोनची बॅटरी ऐन वेळी जाते.

२१. एक फाइल दुसऱ्या पॅकेजात हलवली, आता अपग्रेड 'ओव्हरराइट'ची एरर देऊ लागलंय.

नव्या पॅकेजात 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' दोन्ही लिहा, जुन्या पॅकेजच्या नावासकट: (<< १.२-३~), जर फाइल १.२-३ मध्ये हलली असेल तर. शेवटची ~ विसरू नका. ती नसली तर १.२-३ चा बॅकपोर्ट, ज्यात फाइल आधीच हललेली आहे, तोही 'जुना' धरला जाईल. बॅकपोर्टचा नंबर लहान का असतो, ते प्रश्न १५.

२२. नोकरी लागली, वेळ मिळंना. पॅकेज तसंच पडू देऊ का?

तेवढं करू नका. मदतनीस हवा असेल तर तशी विनंती टाका, दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर 'आरएफए' (दत्तक घेण्याची विनंती), आणि आजपासूनच जमणार नसेल तर 'अनाथ' जाहीर करा. पाच मिनिटांचं काम आहे. मग मेंटेनरच्या जागी क्यूए (गुणवत्ता) गटाचं नाव येतं आणि कुणीही ते दत्तक घेऊ शकतं.

अनाथ करताना त्या बगात दोन ओळी लिहा: अपस्ट्रीम उत्तर देतं का, आणि कुठला पॅच का ठेवलाय. मी दत्तक घेतलेल्या पहिल्या पॅकेजात असा एक पॅच होता, त्यावर फक्त 'गरजेचा' एवढंच लिहिलेलं. काढून बघायची हिंमत अजून झालेली नाही.